‘हा लेखक खरा होता का?’ : नागपूरच्या एका वाचनालयातलं प्रकरण

गेल्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी साडेसातच्या सुमाराला, नुकतीच सहावीची परीक्षा दिलेला एक मुलगा आमच्या देवघेवीच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हातात शाळेने सुट्टीसाठी दिलेला छापील कागद. वर ‘माझा आवडता लेखक’ असं शीर्षक आणि खाली रकाने : नाव, जन्म, शिक्षण, ग्रंथसंपदा, पुरस्कार. नावाच्या रकान्यात त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘भा. रा. भागवत?’ प्रश्नचिन्हासकट.

“काकू, हा लेखक खरा होता का? का पिक्चरमधलाच आहे?”

इतकी वर्षं मी वाचनालयात काम करते. पुस्तक कुठे आहे, कधी येईल, दंड किती झाला, हे रोजचे प्रश्न. लेखक खरा होता का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

त्याने टीव्हीवर ‘फास्टर फेणे’ चित्रपट पाहिला होता. २७ ऑक्टोबर २०१७ ला आलेल्या त्या चित्रपटात अमेय वाघने बनेश ऊर्फ फास्टर फेणेचं काम केलं आहे आणि दिलीप प्रभावळकरांनी भा. रा. भागवतांचं. ज्याने फेणे लिहिला तो लेखकच गोष्टीत पात्र होऊन आला आहे. लहानपणी ज्यांनी पुस्तकं वाचली होती त्यांचे डोळे ते पाहून भरून आले. पण ज्याने ती पुस्तकं हातातही धरलेली नाहीत अशा मुलाला फेणे जितका बनवलेला, तितकेच भागवतही बनवलेले वाटणार. चुकलं होतं ते त्याचं नव्हे. कुणाचं चुकलं होतं ते मला दोन दिवसांनी कळलं, आणि ते कळणं सोपं नव्हतं.

त्या दिवशी मी त्याला बसवलं आणि भागवतांची माहिती सांगितली. पूर्ण नाव भास्कर रामचंद्र भागवत. जन्म ३१ मे १९१०. मृत्यू २७ ऑक्टोबर २००१, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. १९५१ मध्ये त्यांनी मुलांसाठी ‘बालमित्र’ हे मासिक काढलं. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. फास्टर फेणे, नंदू नवाथे, बिपिन बुकलवार ही मुलं त्यांच्या लेखणीतून आली. पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहीत आणि आकाशवाणीवरही त्यांनी पुष्कळ काम केलं. मी सांगत होते, तो भराभर रकाने भरत होता. त्यांचा मृत्यू आणि चित्रपट यांची तारीख एकच, मध्ये सोळा वर्षं, हेही मी सांगितलं. तेवढ्यापुरता त्याने कागदावरून डोळा उचलला.

“झालं?”

“झालं, काकू.” आणि गेला.

कागद भरला होता. पण पाठमोरा जाताना त्याच्या चालण्यात काही नवं कळल्याची खूण नव्हती. भागवत त्याच्यासाठी आधी चित्रपटातलं पात्र होते, आता पाच रकान्यांतली माहिती झाले. खरे झाले नव्हते.

आमची जागा

प्रकरण समजायला जागा समजायला हवी. आमचं वाचनालय नागपूरच्या महाल भागात, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते, त्यातलं हे शेवटून दुसऱ्या पायरीवरचं. बालविभाग म्हणजे दीड कपाट आणि एक सतरंजी. मे महिन्यात नागपुरात दहानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून उन्हाळ्यात आम्ही सात ते दहा उघडतो. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीला सुरू होतात; बाकी महाराष्ट्रापेक्षा आमच्या मुलांना सुट्टीचे दहा-बारा दिवस जास्त मिळतात. ते दिवस नेमके असे, की बाहेर खेळता येत नाही. वाचनालयासाठी याहून चांगला काळ नाही.

मुलं येतात ती बहुतेक सेमी-इंग्लिश किंवा पूर्ण इंग्लिश शाळांतली. घरी मराठी, गल्लीत अर्धं हिंदी. आपसात ‘काऊन बे, झालं का वाचून?’ ‘नाही झालं न, वाचून राहिलो,’ असं चालतं. पुस्तकातली मराठी ही त्यांच्यासाठी तिसरीच भाषा, शाळेतल्या बाईंची.

कुलूपबंद कपाट

दोन दिवसांनी मी मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. बांधणीसाठी काढून ठेवलेली पुस्तकं तिथे असतात. तळाच्या फळीवर, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात, फास्टर फेणेची चार पुस्तकं निघाली. मलपृष्ठं सुटलेली, एकाची पहिली आठ पानं गायब. ऐंशीच्या दशकात दाखल झालेल्या प्रती. मी त्या टेबलावर आणून ठेवल्या आणि सवयीने एकीचं शेवटचं पान उलटलं. तिथे तारखेची चिठ्ठी होती.

ज्यांनी वाचनालयात काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पुस्तकाच्या शेवटी एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर परतीच्या तारखेचा शिक्का मारतात. चिठ्ठी भरली की तिच्यावर दुसरी. या पुस्तकाला एकावर एक पाच चिठ्ठ्या होत्या. कडा उचलून मी खालपासून वाचत गेले.

सुरुवातीच्या दोन चिठ्ठ्या शिक्क्यांनी काळ्यानिळ्या झालेल्या. एका मे महिन्यात सात शिक्के. सुट्टीत मुलांना तीन-चार दिवसांचीच मुदत असे, तेव्हा पुस्तक एक दिवसही फळीवर बसलेलं नव्हतं. त्याच दशकात दूरदर्शनवर फास्टर फेणेची मालिका आली होती, सुमीत राघवन फेणे झाला होता. तिसऱ्या चिठ्ठीवर शिक्के विरळ होतात. चौथीवर वर्षाला तीन, मग दोन. नव्या शतकाची पहिली दहा वर्षं अर्ध्या चिठ्ठीत मावली होती.

पाचव्या चिठ्ठीवर तीनच शिक्के. नोव्हेंबर २०१७ मध्ये दोन. डिसेंबरमध्ये एक. त्यानंतर काही नाही.

मला तो डिसेंबर आठवला. चित्रपट पाहून मुलं आली होती. एक-दोन नव्हे, बरीच. ‘फास्टर फेणे आहे का?’ विचारत होती. तिसऱ्या मुलाने पुस्तक परत केलं तेव्हा बांधणी पूर्ण सुटली होती. पानं हरवू नयेत म्हणून मी चारही पुस्तकं उचलून कपाटात ठेवली. बाइंडिंगवाला येणार होता. तो आला नाही, मी पाठपुरावा केला नाही, मग अनुदानाचा हप्ता लांबला, मग करोनाची दोन वर्षं. आणि त्या हिवाळ्यात विचारायला आलेल्या प्रत्येक मुलाला मी सांगितलं, ‘नाही आहे बाळा.’

‘आजकालची मुलं वाचत नाहीत,’ असं प्रत्येक सभेत कुणीतरी म्हणतं आणि आम्ही माना डोलावतो. या चिठ्ठीवर उलटं लिहिलेलं होतं. मुलं आली होती. पुस्तक मी आत ठेवलं होतं.

चिठ्ठीवरून कळलेली कारकीर्द

त्या मुलाला मी निरोप पाठवला. तो आला, सोबत मामेबहीण आणि गल्लीतली आणखी तिघं. मी काही सांगितलं नाही, चिठ्ठ्या दाखवल्या. शिक्के मोजायचं काम मुलांनी आपणहून सुरू केलं. एकाने वहीत वर्षवार रेघा मारल्या. भागवतांचं चरित्र सांगताना जी मुलं पाच मिनिटांत उठली असती, ती या कागदावर दोन तास वाकून होती.

मोजता मोजता मामेबहिणीने विचारलं, “इतके लोकं वाचत होते, तर मग थांबले काऊन?”

मी उत्तर शोधताना एक गोष्ट माझ्याच नीट लक्षात आली, आणि या प्रकरणातली ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. मोठ्यांसाठी लिहिणाऱ्याला वाचक मिळाला की तो चाळीस वर्षं त्याचा असतो. त्याचं नवं पुस्तक आलं की तोच वाचक पुन्हा येतो. मुलांच्या लेखकाचा वाचक नवव्या वर्षी येतो आणि तेराव्या वर्षी जातो. लेखकाने काही वाईट लिहिलं म्हणून नव्हे, मूल मोठं झालं म्हणून. दर चार-पाच वर्षांनी त्याचा अख्खा वाचकवर्ग निघून जातो आणि त्याला पहिल्यापासून नवा जमवावा लागतो. त्याची कीर्ती कितीही असो, आज नऊ वर्षांच्या असलेल्या मुलाने त्याचं नाव ऐकलेलं नसतं.

या नजरेने पाहिलं की भागवतांचं काम वेगळं दिसायला लागतं. १९५१ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, ते स्वतःचं मासिक काढतात. मासिक म्हणजे दर महिन्याला मुलाच्या दारात जाऊन उभं राहणं. आधीचं मूल मोठं झालं की त्याच दारात धाकटं भावंड उभं असतं. काही वर्षं त्यांनी ते चालवलं. मुलांचं मासिक चालवणं किती जड असतं हे ज्यांनी वर्गणीची पावतीपुस्तकं हाताळली आहेत त्यांना सांगायला नको : वर्गणीदार तोच, जो दोन वर्षांत वाढून जाणार. ‘किशोर’ १९७१ पासून आजतागायत निघतं आहे, त्यामागे बालभारतीसारखी शासनाची संस्था आहे. एकट्या लेखकाच्या पाठीशी असं काही नसतं.

व्हर्नच्या अनुवादांचंही तसंच. त्यात समुद्राचा तळ आहे, चंद्र आहे, ज्वालामुखी आहे. गावाबाहेर न गेलेल्या मराठी मुलाला ते एका उडीत पृथ्वीच्या पोटात नेतात. पण मूळ गोष्टी एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सच्या, माणसं तिकडची. मुलाला आपला म्हणावा असा सवंगडी त्यांत नव्हता.

तो फेणेत मिळाला. फुरसुंगीचा हडकुळा मुलगा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकलवर सुसाट सुटणारा, तोंडाने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढणारा. वीसेक पुस्तकं, आणि कुठलंही आधी उचला, अडत नाही. मागचं वाचलं नाही म्हणून पुढचं कळत नाही, असं होत नाही. भागवतांनी हे हिशेब करून केलं असं मी म्हणणार नाही, पण वाचनालयाच्या टेबलामागून त्याचा उपयोग स्पष्ट दिसतो. मूल कोणत्याही दारातून आत येऊ शकतं. पहिला भाग बाहेर गेला असेल तर चौथा हातात देता येतो. वाचणारा मोठा होऊन निघून जातो, फेणे शाळेतच राहतो आणि पुढच्या मुलाची वाट पाहतो.

चित्रपटातला फेणे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या वयाचा आहे. पुस्तक उघडल्यावर मुलांना धक्का बसला तो याचाच. “काकू, हा तर आपल्याएवढाच आहे!” हे वाक्य आमच्या सतरंजीवर त्या महिन्यात चार वेळा तरी ऐकू आलं असेल.

सभासद क्रमांक

चिठ्ठीच्या शेजारी खिशात पुस्तक-कार्ड होतं. शिक्क्यात फक्त तारीख असते, कार्डावर नेणाऱ्याचा सभासद क्रमांक असतो. मुलांनी ते ओळखलं आणि मागे लागली, की ही माणसं कोण. जुन्या नोंदवह्या माळ्यावर होत्या. खाली काढल्या, झाडल्या. क्रमांकावरून नावं, नावावरून पत्ते. निम्मे वाडे आता पाडले गेले आहेत, माणसं मनीषनगरला, बेसाला गेली, काही पुण्या-मुंबईला. पण दोन जण अजून हाकेच्या अंतरावर राहत होते. त्यातल्या एकांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, मुलं तिथूनच पेनं घेतात.

त्यांना आम्ही बोलावलं. पन्नाशी उलटलेले गृहस्थ, सकाळी दुकान उघडायच्या आधी आले. कार्डावर स्वतःचा क्रमांक दिसल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्या मुलाने त्यांनाही तोच प्रश्न विचारला : लेखक खरा होता का, तुम्ही पाहिला होता का?

“पाहिला नाही कधी. पुण्याकडचे ते, आम्ही कुठे पाहणार? पण हे पुस्तक उशिरा परत केलं म्हणून मी दंड भरला आहे. घरी सांगितलं नव्हतं. खाऊच्या पैशातून भरला.”

मुलं कार्डाकडे पाहायला लागली. त्या तारखेच्या पुढे खरंच, लाल शाईत, उशिराची खूण होती.

माझ्या मते भागवत त्या क्षणी त्या मुलासाठी खरे झाले. जन्मतारखेने जे झालं नव्हतं ते एका अनोळखी काकांनी खाऊच्या पैशातून भरलेल्या दंडाने झालं. लेखक होता याचा मुलाला पटणारा पुरावा म्हणजे आपल्याच वयाच्या, आपल्याच गल्लीतल्या कुणाचं तरी त्याच्यावाचून अडलं होतं.

भाषेची अडचण

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पुस्तकं हातात आली, मुलं वाचायला बसली, आणि दहाव्या पानावर अडली. बनेशच्या तोंडची मराठी पुण्याची, आणि तीही दोन पिढ्यांपूर्वीची. आमच्या मुलांना ती परकी वाटली. एकाने पुस्तक मिटून स्पष्ट सांगितलं, “हे शाळेसारखं आहे.”

मी आधी शब्दार्थ फळ्यावर लिहून दिले. फार वाईट कल्पना होती. सतरंजीचा वर्ग झाला आणि दुसऱ्या दिवशी तीन मुलं कमी आली. मग मोठ्याने वाचायला सुरुवात केली. रोज अर्धा तास, मी नाही, मुलंच, पाळीपाळीने. मोठ्याने वाचताना अडलेला शब्द वाक्याच्या ओघात निघून जातो, आणि गंमत अशी, की मुलं नकळत संवाद आपल्या बोलीत म्हणायला लागली. ‘काय करतोस’चं ‘काय करून राहिला’ झालं. मी थांबवलं नाही. आमच्या समितीतल्या एका ज्येष्ठांना ते रुचलं नाही. लेखकाच्या शब्दांना हात लावू नये असं त्यांचं म्हणणं. छापताना नक्कीच लावू नये. पण सतरंजीवर बसलेल्या मुलाच्या तोंडात फेणे नागपुरी बोलला, तर मला त्यात भागवतांचा अपमान दिसत नाही. ते मूल फेणेला आपल्या गल्लीत घेऊन आलं, एवढंच मला दिसतं.

पुण्याच्या पेठांचाही गोंधळ होता. शनिवार, बुधवार, शुक्रवार ही गावाच्या भागांची नावं कशी? तेव्हा मामेबहिणीनेच सोडवलं : “आपली इतवारी नाही का? बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी?” त्यानंतर मुलांनी पुण्याचा नकाशा भिंतीवर लावला, शेजारी नागपूरचा. फुरसुंगी हडपसरच्या पलीकडे सापडली. फुरसुंगी ते पुणे म्हणजे आपल्याकडे किती, यावर अर्धा तास भांडण झालं. एक म्हणे महाल ते कामठी, दुसरा म्हणे हिंगणा.

आणि बिपिन बुकलवार. पुस्तकांच्या मागे लागलेल्या या मुलाचं नाव भागवतांनी ‘बुक’वरून बेतलं असणार, हे मोठ्यांना चटकन कळतं. आमच्या मुलांना आधी दुसरंच दिसलं. ‘वार’ने संपणारी आडनावं आमच्याकडची. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळपर्यंत वर्गात दोन-तीन तरी ‘वार’ असतातच. “हा पुण्याचा नाहीच काकू, हा आपल्या इकडचा आहे.” मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

प्रती कुठून आणायच्या

चार फाटक्या पुस्तकांवर डझनभर मुलं चालेनात. बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दोन सापडली. दरम्यान एका पालकांनी मोठ्या प्रेमाने मला फोनवर स्कॅन केलेल्या पुस्तकांची अख्खी मालिका पाठवली, ‘ग्रुपवर टाका, सगळ्यांना मिळेल’ म्हणून.

इथे मला ठाम निर्णय घ्यावा लागला, आणि तो त्यांना आवडला नाही. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढचं वर्ष सुरू होतं तिथपासून साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं झालं, म्हणून ‘श्यामची आई’ आज कुणीही छापू शकतो आणि रस्त्यावरही स्वस्तात मिळते. भागवत २००१ मध्ये गेले. त्यांचं लेखन २०६२ मध्ये खुलं होईल. आज सतरंजीवर बसणारी मुलं तेव्हा पन्नाशीला आलेली असतील.

पालकांचं म्हणणं होतं, मुलं वाचतील ते महत्त्वाचं. मलाही तेच महत्त्वाचं वाटतं. पण ही पुस्तकं आज विकत मिळतात ती पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनाने ती छापत ठेवली म्हणून. ज्या लेखकाचा वाचक दर पाच वर्षांनी बदलतो, त्याला छापत राहणारा प्रकाशक मिळणं हा त्याच्या कारकिर्दीचा अर्धा भाग आहे. नवी मुलं तयार झाली, आणि नेमक्या त्याच वेळी आपण फुकटची फाईल फिरवली, तर पुढची आवृत्ती कशाच्या जोरावर निघेल? मी फाईल पुढे पाठवली नाही. ज्यांना वाचायला फुकट हवं होतं त्यांना ‘किशोर’चे जुने अंक दाखवले, बालभारतीने ते आपल्या संकेतस्थळावर स्वतःहून खुले केले आहेत.

फेणेच्या नव्या संचाचे पैसे वाचनालयाकडे नव्हते. कार्डावर सापडलेल्या दोन जुन्या सभासदांनी आणि त्यांच्या ओळखीच्या आणखी काहींनी ते दिले. दुकानवाले काका म्हणाले, जुना दंड समजा. पार्सल जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आलं, आणि तोवर सुट्टी संपत आली होती. लवकर मागवायला हवं होतं. कोणत्याही वाचनालयाला माझं हेच सांगणं : मुलांसाठी काही करायचं तर पुस्तकं आधी हातात हवीत, उपक्रम मागून. आम्ही उलटं केलं, त्यात मुलांचे तीन आठवडे फाटक्या प्रतींवर गेले.

शेवटी काय हाती आलं

मोजून सांगायचं तर फार नाही. सुरुवातीच्या डझनभरांतली शाळा सुरू झाल्यावर चार मुलं येत राहिली. दोघं इंग्रजी मालिकांकडे वळली. आमच्याकडे जी होती ती मी त्यांना काढून दिली, त्यात मला वावगं वाटलं नाही. एक मुलगी नंदू नवाथे शोधत आली, तेव्हा मला नावाशिवाय तिला देण्यासारखं काही फळीवर नव्हतं. ते अजून मागवायचं आहे.

मुलाने शाळेचा कागद खोडून पुन्हा लिहिला. ‘ग्रंथसंपदा’च्या रकान्यात पुस्तकांची यादी करायच्या ऐवजी त्याने चिठ्ठीवरचे शिक्के वर्षवार मांडले. ‘पुरस्कार’च्या रकान्याशी तो अडला. साहित्य अकादमी मुलांच्या लेखकांना वेगळा पुरस्कार देते हे त्याला कुठेतरी सापडलं होतं. मी सांगितलं, तो पुरस्कार २०१० मध्ये सुरू झाला, भागवत त्याआधी नऊ वर्षं गेले होते. त्याने ते तसंच लिहिलं. खाली स्वतःच्या मनाने एक ओळ घातली : ‘यांच्या पुस्तकासाठी आमच्या इथल्या एका काकांनी दंड भरला.’ शाळेने कागद ठेवून घेतला. गुण किती मिळाले ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

चार जुन्या प्रतींची बांधणी या वेळी मी स्वतः उभी राहून करून घेतली. बाइंडरने जुन्या चिठ्ठ्या काढून टाकायला सांगितल्या, जाड होतात म्हणाला. मी काढू दिल्या नाहीत. पाचही तशाच आहेत, त्यांच्यावर सहावी चिकटवली आहे. पुस्तक आता बालविभागाच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर असतं, नऊ वर्षांच्या मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर. जुलैत त्याच्यावर दोन शिक्के पडले. ऑगस्टमध्ये तान्ह्या पोळ्याच्या सुट्टीत एक. सध्या ते बाहेर आहे, त्या मुलाच्या धाकट्या भावाच्या नावावर, आणि मुदत उलटून चार दिवस झाले आहेत.